ब्लॉकच्या रकान्यात काहीच नाही: विल्ट चेंबरलेनचं पान

'बास्केटबॉल रेफरन्स' या आकडेवारीच्या साइटला पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे येईलच. साडेचार मात्र दिले ते एका रिकाम्या रकान्यासाठी.

मी अठरा वर्षं बास्केटबॉलच्या स्कोअर टेबलवर बसले. खेळले कधीच नाही, शिट्टीही वाजवली नाही. माझं काम शीट भरायचं. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या-चौथ्याला निळं. बास्केट झाली की धावत्या गुणांच्या आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) गेला की भरीव ठिपका, शेजारी जर्सीचा नंबर. मान वर, मान खाली, चाळीस मिनिटं हेच. एकदा माझ्या हातून ५ नंबरची बास्केट १५ नंबरच्या नावावर गेली. कुणी आक्षेप घेतला नाही, शीटवर सह्या झाल्या, आणि त्या दोन गुणांचा मालक कायमचा बदलला. तेव्हापासून छापलेला आकडा दिसला की मला आधी तो लिहिणारा माणूस दिसतो. त्याला नीट दिसत होतं का, त्याच्या पुढ्यात कुणी उभं तर नव्हतं ना, असले प्रश्न पडतात.

तर अशा बाईनं 'बास्केटबॉल रेफरन्स' या साइटबद्दल लिहिलेलं आहे हे, त्या हिशेबानं वाचा. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, एखादाच सामना खेळलेला असला तरी त्या माणसाचं तिथे स्वतंत्र पान असतं, आणि ते बघायला पैसे पडत नाहीत. खोलवर शोधाशोध करायची असेल तर वर्गणी भरून वापरायची वेगळी सोय आहे. मला तिची गरज पडली नाही. अख्ख्या साइटचं परीक्षण करायचं तर जन्म जाईल. मी एकच पान घेते, ज्याच्यावर अशा साइटची खरी परीक्षा होते: विल्ट चेंबरलेन, सेंटर (बास्केटजवळ खेळणारा, सहसा संघातला सर्वांत उंच खेळाडू), ७ फूट १ इंच, जर्सी १३, कारकीर्द १९५९ ते १९७३.

हे पान मी उघडलं ते भाच्यामुळे. तो चौदा वर्षांचा, सगळं फोनवर शिकलेला. एक दिवस म्हणाला, "मावशी, तुझा तो विल्ट एवढा उंच, पण ब्लॉक एकपण नाही. बघ." त्याच्या फोनवरच्या कुठल्याशा ॲपमध्ये विल्टच्या नावापुढे खरंच लिहिलेलं होतं: ब्लॉक ०, स्टील ०. ब्लॉक म्हणजे समोरच्याचा शॉट हवेत अडवणं, स्टील म्हणजे त्याचा चेंडू हिसकावणं. मुलगा अर्धा चेष्टेत होता. अर्धा नव्हता.

शून्य! शीटवर शून्य लिहिणं ही साक्ष असते. "मी बघत होते आणि झालं नाही," असा त्याचा अर्थ. इथे बघणारंच कुणी नव्हतं. एनबीएनं ब्लॉक आणि स्टील मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या हंगामात. विल्टचा शेवटचा हंगाम १९७२-७३. एका वर्षानं हुकलं. बास्केटबॉल रेफरन्सवर त्याच्या चौदाही ओळींत हे दोन रकाने कोरे आहेत. शून्य नाही, चौकट तशीच मोकळी. रिबाउंडची (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आक्रमणातले आणि बचावातले अशी फोड तीही कोरी, कारण तीही त्याच वर्षी सुरू झाली. चेंडू गमावल्याचा रकाना कोरा, तो तर १९७७-७८ पासूनचा. मी भाच्याला दोन्ही पडदे शेजारी धरून दाखवले. एका ठिकाणी खोटी साक्ष, दुसऱ्या ठिकाणी "माहीत नाही" म्हणायची हिंमत.

आणि पुढची गंमत ऐका. विल्ट त्याच्या शेवटच्या संघातून, लेकर्समधून, गेला, त्याच्या जागी एल्मोर स्मिथ सेंटर म्हणून आला. ब्लॉक मोजायला लागल्याचं हे पहिलंच वर्ष. २८ ऑक्टोबर १९७३ ला पोर्टलँडविरुद्ध स्मिथनं एका सामन्यात १७ ब्लॉक केले, तो विक्रम आजही उभा आहे. तोच संघ, तीच जागा, फक्त टेबलावर मोजणारा आला होता. विल्टचे एका सामन्यातले जास्तीत जास्त ब्लॉक किती असतील यावर जुनी माणसं काय काय सांगतात; सांगू देत. पान त्याबाबत गप्प आहे आणि मला ते गप्प राहणं आवडलं.

आता भरलेल्या रकान्यांकडे. बहुतेक लोक हे पान आडवं वाचतात: १९६१-६२ ची ओळ शोधायची, सामन्यामागे ५०.४ गुण बघायचे, डोळे विस्फारायचे, पान बंद. मी शीटवाली, मला उभं वाचायची सवय. गुणांचा रकाना वरून खाली असा जातो: ३७.६, ३८.४, ५०.४, ४४.८, ३६.९, ३४.७, ३३.५, आणि मग धाडकन २४.१. पुढे २४.३, २०.५, दुखापतीच्या वर्षी फक्त १२ सामन्यांचे २७.३, नंतर २०.७, १४.८ आणि शेवटी १३.२. नुसता हा रकाना दाखवला तर कुणीही म्हणेल, माणूस सातव्या वर्षानंतर उतरणीला लागला.

मग बाजूचे रकाने बघायचे. जिथे गुण ३३.५ वरून २४.१ वर कोसळले ते १९६६-६७ चं वर्ष. असिस्ट (दुसऱ्याला बास्केट करून देणारे पास) सामन्यामागे ७.८ वर गेलेले, नेमबाजी .६८३ (म्हणजे शंभरातले अडुसष्ट शॉट आत), रिबाउंड २४.२. संघ फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्स, ६८ विजय, १३ पराभव. बोस्टनचे सलग आठ अजिंक्यपदं जिंकलेले सेल्टिक्स त्या वर्षी विल्टच्या संघाकडून ४-१ असे हरले आणि विल्टला पहिलं अजिंक्यपद मिळालं. उलट १९६२-६३ ची ओळ बघा: ४४.८ गुण, २४.३ रिबाउंड, आणि संघाचा हिशेब ३१ विजय, ४९ पराभव. प्लेऑफसुद्धा (हंगामानंतरची बाद फेरी) नाही. गुणांचा रकाना एक गोष्ट सांगतो आणि संघाचा हिशेब बरोबर तिच्या उलट. यात आळ एकट्या विल्टवर टाकायचा नाही, त्या वर्षी वॉरियर्स फिलाडेल्फियाहून सॅन फ्रान्सिस्कोला हललेले होते आणि संघ विस्कटलेला होता. पण अलेक्स हॅनमसारख्या प्रशिक्षकानं पुढे त्याला कमी शॉट मारायला लावून काय मिळवलं, ते या दोन ओळींच्या मधल्या फरकात दिसतं.

मिनिटांच्या रकान्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. १९६१-६२: सामन्यामागे ४८.५ मिनिटं. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा! भाच्याला वाटलं छपाईची चूक. चूक नाही, ओव्हरटाइम, बरोबरी सुटावी म्हणून दिलेला जादा वेळ. ८० सामन्यांची नियमित मिनिटं ३,८४०, वर ओव्हरटाइमची ५०, एकूण ३,८९०. विल्ट खेळला ३,८८२. उरलेली आठ मिनिटं तो का नव्हता? पंचांनी बाहेर काढलं म्हणून. म्हणजे अख्ख्या हंगामात दमला म्हणून तो एकदाही बाकावर बसला नाही. टेबलावर बसलेल्या माणसाला यातली मेख कळते: बदली खेळाडूचा भोंगा त्याच्यासाठी वाजवावाच लागला नसणार. आणखी एक, कारकिर्दीतल्या १,०४५ नियमित सामन्यांत तो एकदाही सहा फाउल होऊन बाहेर गेला नाही. इतका वेळ मैदानावर राहायचं तर चार-पाच फाउलनंतर हात आवरावाच लागतो, आणि विल्टवर तेव्हा टीकाही व्हायची की तो फाउल वाचवायला बचावात मऊ पडतो. मला ती टीका अगदीच पोकळ वाटत नाही. पण मिनिटांचा रकाना समोर ठेवला की माझा आवाज जरा खाली येतो.

पानाची रचना. लीगमध्ये त्या वर्षी जो आकडा सर्वाधिक, तो ठळक अक्षरात. विल्टच्या पानावर काही रकाने बहुतेक ठळकच. रकान्याच्या डोक्यावर बाण नेला की त्याचा अर्थ उघडतो, डोक्यावर टिचकी मारली की ओळी त्या क्रमानं लागतात. नियमित हंगाम आणि प्लेऑफ वेगळे. खाली उतरलं की सरासरीऐवजी एकूण आकडे, ३६ मिनिटांच्या मापातले आकडे, मग गणितं करून काढलेले आकडे. एवढं सगळं असूनही पान चटकन उघडतं, यासाठी त्यांना सलाम.

सरासरी आणि एकूण हे दोन्ही तक्ते का बघायचे, त्यासाठी १९६७-६८ चा असिस्टचा आकडा काढा. एकूणच्या तक्त्यात विल्टचे ७०२ असिस्ट, ठळक, लीगमध्ये सर्वाधिक. सेंटर असूनही! वर सामन्यामागच्या तक्त्यात तोच हंगाम, ८.६, आणि ठळक नाही. कारण ऑस्कर रॉबर्टसनची सरासरी ९.७ होती, पण तो ६५ च सामने खेळला. विल्ट ८२. म्हणजे विल्ट पहिला की दुसरा? दोन्ही. कुठला तक्ता उघडला त्यावर आहे. अशा जागी मला ही साइट शहाणी वाटते, ती भांडण मिटवत नाही, दोन्ही कागद टेबलावर ठेवते. (त्याच हंगामात फ्री थ्रो .३८०. हा आकडा मी भाच्यापासून लपवायचा प्रयत्न केला, जमलं नाही.)

फ्री थ्रोचा रकाना म्हणजे या पानावरची दुःखद गोष्ट. १९६१-६२ मध्ये तो हात खालून घेऊन, दोन्ही हातांनी चेंडू उचलून टाकायचा, आणि १,३६३ पैकी ८३५ गेले, .६१३, त्याचं आयुष्यातलं सर्वोत्तम. मग ती पद्धत सोडली, दिसायला बरी दिसत नाही म्हणून. कारकिर्दीची टक्केवारी .५११. रिक बॅरी या खेळाडूनं तीच पद्धत शेवटपर्यंत ठेवली आणि तो लीगच्या उत्तम फ्री थ्रो मारणाऱ्यांत गणला गेला. शॉट कसा मारला याला रकाना नसतो. .६१३ नंतर आकडे खाली का घरंगळतात, हे पान सांगू शकत नाही. ते बाहेरून कळून यावं लागतं.

आता कापलेला अर्धा तारा. विल्टची कारकिर्दीची सरासरी ३०.१. मायकेल जॉर्डनच्या पानावरही ३०.१. दशांशाच्या एकाच घरापर्यंत छापल्यामुळे दोघं बरोबरीत दिसतात, आणि हा काही किरकोळ मुद्दा नाही, सर्वाधिक सरासरीचा मान कुणाचा याचाच प्रश्न आहे. मग एकूणच्या तक्त्यात जायचं आणि भागाकार स्वतः करायचा. विल्ट: ३१,४१९ भागिले १,०४५, ३०.०७. जॉर्डन: ३२,२९२ भागिले १,०७२, ३०.१२. जॉर्डन पुढे, गुणाच्या विसाव्या भागानं. मला भागाकार करायला आवडतो, पण खेळाडूच्या पानावरच दोन घरं दिली असती तर काय बिघडलं असतं?

दुसरी कुरकुर फोनवर वाचण्याची आहे. तक्ता रुंद, पडदा अरुंद. बोटानं सरकवत सरकवत मिनिटांपासून गुणांपर्यंत जाताना मला हंगामाची ओळ पुन्हा पुन्हा तपासावीशी वाटते. हे पान मोठ्या पडद्यावर बघावं, चहा घेऊन, घाई नसताना. पण याचे तारे कापत नाही, आमची स्कोअरशीटही काही खिशात मावत नव्हती.

३६ मिनिटांच्या तक्त्याबद्दल थोडं, कारण भाच्याचा पुढचा वार तिथूनच आला. "एवढी मिनिटं खेळला तर गुण होणारच की." बरोबर बोलला. ५०.४ ला ४८.५ मिनिटांनी भागून ३६ नं गुणलं की ३७.४ उरतात. जॉर्डनच्या १९८६-८७ च्या हंगामाचं, ३७.१ गुण आणि ४० मिनिटं, तसंच केलं की ३३.४. तेरा गुणांची दरी चारवर आली. शिवाय विल्टच्या काळात खेळ प्रचंड वेगवान, संघ सामन्याला शंभराहून जास्त शॉट मारायचे. रिबाउंडही त्यामुळे जास्त पडायचे. तो वेग काढून टाकायला चेंडूच्या शंभर ताब्यांच्या मापाचा तक्ता लागतो, आणि विल्टच्या पानावर तो नाही, कारण त्यासाठी लागणारे आकडे त्या काळी लिहिलेच गेले नाहीत. पुन्हा तीच गोष्ट. अंदाज बांधून तक्ता भरता आला असता. भरला नाही.

पुरस्कारांचा रकाना अगदी उजवीकडे, आणि तिथे १९६१-६२ च्या ओळीत सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात विल्ट दुसरा. ५०.४ गुण, २५.७ रिबाउंड, दुसरा! पहिला बोस्टनचा बिल रसेल, बचावासाठी नावाजलेला. तेव्हा मत खेळाडू द्यायचे, आणि रसेलचा संघ जिंकत होता. विल्टच्या चाहत्यांना हे अजून झोंबतं. मला विचाराल तर रसेलचं पानही एकदा असंच उभं वाचा, ब्लॉकचा रकाना त्याचाही कोराच आहे, आणि त्याच्या बाबतीत तो कोरेपणा जास्त महाग पडतो. विल्टकडे निदान गुण आहेत दाखवायला.

शेवटचा हंगाम, १९७२-७३, लोक बघतही नाहीत. वय ३६, १३.२ गुण. पण ५८६ शॉटपैकी ४२६ आत, .७२७. रिबाउंड १८.६, लीगमध्ये पहिला. सामन्यामागे पन्नास गुणांच्या त्या वर्षी ३,१५९ शॉट मारणारा माणूस अकरा वर्षांनी त्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी मारतो आणि चुकत जवळजवळ नाही. त्याच्या आधीच्या वर्षी लेकर्स सलग ३३ सामने जिंकले होते, ६९-१३, आणि अजिंक्यपद. त्या संघात विल्टचे गुण १४.८. या दोन ओळी मी बाकीच्या बारा ओळींपेक्षा जास्त वेळा वाचल्या आहेत.

पानावरून हंगामाच्या आत शिरता येतं आणि एकेका सामन्याच्या बॉक्स स्कोअरपर्यंत, म्हणजे खेळाडूवार तक्त्यापर्यंत, पोहोचता येतं. साहजिकच मी २ मार्च १९६२ ला गेले. हर्शी, पेनसिल्व्हेनिया, फिलाडेल्फिया वॉरियर्स १६९, न्यूयॉर्क निक्स १४७. विल्ट: ६३ पैकी ३६ शॉट, ३२ पैकी २८ फ्री थ्रो, १०० गुण. सामन्याचं चलचित्र नाही. हजर प्रेक्षक चार हजारांच्या थोडेसेच वर. त्या रात्रीची उरलेली बरीचशी वस्तुस्थिती म्हणजे हा तक्ता, म्हणजेच टेबलावर बसलेल्या कुणाचं तरी हस्ताक्षर. ३२ पैकी २८ फ्री थ्रो, त्याच विल्टचे! मी असते तर तिसऱ्या क्वार्टरनंतर विल्टचा ६९ चा आकडा तीन वेळा मोजून पाहिला असता.

मग विल्टच्या ओळीवरून नजर काढून बाकीचे वाचले. निक्सचा सेंटर डॅरॉल इमहॉफ वीस मिनिटांत सहा फाउल करून बाहेर. आणि वॉरियर्सच्या यादीत अल ॲटल्स: ८ पैकी ८ शॉट, १ पैकी १ फ्री थ्रो, १७ गुण. एकही चुकला नाही. जगातल्या कुठल्याही दुसऱ्या रात्री त्याचं नाव मथळ्यात आलं असतं.

भाच्याला ती ओळ दाखवली. त्यानं अल ॲटल्सचं पान उघडलं, ब्लॉकचा रकाना शोधला, कोरा बघितला, आणि म्हणाला, "मावशी, हा पण १९७३ च्या आधीचा, ना?"

त्याच्या फोनवरचं ते ॲप अजून आहे. काढून टाक म्हटलं तर म्हणतो, आजच्या सामन्यांना बरं पडतं.